‘ऐच्छिक’ या एका शब्दाबद्दल : इंदूरच्या सायकल रॅली आयोजकांना खुलं पत्र

आयोजक मंडळींना सप्रेम नमस्कार.

जानेवारीतल्या रॅलीचा फॉर्म गेल्या बुधवारी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. मार्ग, अंतर, टी-शर्टचं माप, काहीच न बघता मी थेट अटींवर गेले. सातव्या क्रमांकावर तोच शब्द अजून बसलेला आहे : ‘हेल्मेट ऐच्छिक’. गेल्या वर्षभरात मी तुम्हाला दोनदा लिहिलं, तीनदा फोन केला. तुमच्यातल्या एका गृहस्थांनी फार सौजन्याने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण सक्ती केली तर अर्धी पोरं येणारच नाहीत.’’ त्यावर मला तेव्हा काही सुचलं नाही. आता जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलते, कारण फॉर्मही सगळ्यांनाच आला आहे.

मी राजेंद्रनगरला राहते, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. सायकल आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. 1991 साली मिल बंद पडेपर्यंत ते परदेशीपुऱ्यातून रोज सायकलवर गेले, डबा हँडलला, छत्री दांडीला. हेल्मेट हा शब्दही त्या घरात कुणी उच्चारला नसेल. हे आधीच सांगते, म्हणजे सायकल दिसली की घाबरणाऱ्यांतली एक, असं मला कुणी समजू नये.

तुमच्या रॅलीत मी आणि माझा मुलगा पहिल्यांदा आलो ते तीन वर्षांपूर्वी. तेव्हा फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘हेल्मेट अनिवार्य’. आमच्याकडे नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी दुकानात जाऊन दोन घेतली, दोघांची मिळून अडीच हजारांच्या आत. मुलगा कुरकुरला, केस बसतात म्हणाला, पण अट होती म्हणून घातलं. पुढच्या वर्षी कुरकुर नव्हती. सायकल काढली की खुंटीवरचं हेल्मेट आपोआप निघायचं. त्या एका शब्दामुळे आमच्या घरात हेल्मेट आलं, आणि ते राहिलं. यासाठी मी तुमची खरोखर ऋणी आहे. मला त्याचं जे मोल कळलं ते पुढे सांगते.

गेल्या वर्षी शब्द बदलला. शेजारच्या वहिनींचा मुलगा, वय चौदा, माझ्या मुलाच्या मागे लागला की मलाही यायचंय. वहिनी आदल्या रात्री कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, ‘‘हेल्मेट लागेल का हो? लागत असेल तर हे आत्ताच जाऊन आणतील, दुकान नऊपर्यंत उघडं असतं.’’ मी फोन काढला, फॉर्म उघडला, वाचला आणि त्यांना म्हणाले, ‘‘नाही, ऐच्छिक लिहिलंय. यंदा राहू दे, आवडलं तर पुढच्या वर्षी घ्या.’’

हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही. पण मी ते का म्हणाले याचा मी वर्षभर विचार केला आहे, आणि त्याचं एक टोक तुमच्यापाशी येतं.

त्या रविवारी सहाला राजवाड्यावरून निघालो. डिसेंबरची थंडी, बोटं ब्रेकवर आखडलेली. बडा गणपती, कालानीनगर करत विमानतळाकडून सुपर कॉरिडॉरला लागलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. तिथपर्यंत रस्ता अरुंद होता म्हणून सगळे दबकत होते. कॉरिडॉरवर रस्ता रुंद झाला आणि पोरं सुटली. मी शंभरेक फूट मागे होते. पुढच्या एका मुलाने रील काढायला एक हात सोडला, त्याची सायकल हाताएवढी उजवीकडे सरकली. माझ्या मुलाचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरलेलं होतं. चाकाला चाक घासलं, आणि ज्याचं पुढचं चाक घासतं तोच पडतो. माझा मुलगा डावीकडे आडवा झाला, त्याच्यावरून शेजारचा मुलगा. वेग पंधराच्या वर नसेल. आवाजही फारसा झाला नाही. कुणीतरी पोतं टाकल्यासारखा एक, आणि लगेच दुसरा.

माझ्या मुलाचं कोपर सोललं. हेल्मेट बाहेरून ठीक दिसत होतं. घरी येऊन उलटं केलं तेव्हा आतल्या पांढऱ्या थराला डाव्या कानामागून वरपर्यंत चीर गेलेली दिसली, नख आत जाईल एवढी. ते हेल्मेट मी फेकलेलं नाही. शाळेत घेऊन जाते, वर्गात फिरवते.

शेजारच्या मुलाच्या डोक्यावर तुम्ही दिलेली टोपी होती. कानशिलाच्या वर खरचटलं होतं, रक्त थोडंच. तो उठून बसला. पिवळ्या जॅकेटमधल्या तुमच्या दोन कार्यकर्त्यांनी त्याला पाणी पाजलं, पाठीवर थाप मारली, चेन बसवून दिली आणि ‘चल भिया, कुछ नहीं हुआ’ म्हणत परत सायकलवर बसवलं. तीही कॉलेजची पोरं होती, त्यांनी प्रेमानेच केलं. मी पोहोचले तेव्हा तो पायडल मारायच्या बेतात होता. मला बघून म्हणाला, ‘‘काकू, आपण राजवाड्यावरून निघालो का?’’ मी म्हटलं, हो रे, मघाच निघालो. अर्ध्या मिनिटाने परत, ‘‘काकू, आपण राजवाड्यावरून निघालो का?’’ चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

रुग्णवाहिका होती. ती समारोपाच्या ठिकाणी होती, पोहे-जलेबीच्या मंडपाशेजारी. आम्ही एका ओळखीच्या गाडीतून गेलो. दोन रात्री रुग्णालयात, मग तीन आठवडे शाळा बंद, मोबाइल बंद, पुस्तकही बंद. दोन महिने डोकं दुखत होतं. सहामाही बुडाली. आता तो बरा आहे, पूर्ण बरा आहे, आणि हे लिहिताना त्यासाठी मी देवाचे आभार मानते.

विज्ञान शिकवणारी बाई म्हणून एक गोष्ट मीच आधी मान्य करते : एका पडण्यावरून काही सिद्ध होत नाही. दोन मुलं वेगळ्या तऱ्हेने पडली असतील, डोकी वेगळ्या कोनातून आपटली असतील. म्हणून मी पुढे वाचत गेले. ऑस्ट्रेलियातल्या जेक ऑलिव्हिए आणि प्रुडन्स क्रेटन या दोघांनी 2016 साली जगभरातले चाळीस अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी होत्या. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे 51 टक्क्यांनी कमी आढळली, गंभीर इजेची 69 टक्क्यांनी. हेल्मेटमुळे मान दुखावते असं जे म्हणतात त्याला त्यात आधार सापडला नाही. हे आकडे पडलेल्यांचे आहेत. पडणंच टळतं का, हा प्रश्न निराळा, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याकडे मी येतेच.

वर्गात मी हे फळ्यावर असं मांडते. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरभर तरी वर असतं. तेवढ्या उंचीवरून पडताना ते जमिनीला लागतं तेव्हा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या जवळ असतो, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. सायकल उभी असली तरी. युरोपातल्या हेल्मेटच्या मानकातली, हेल्मेट सपाट ऐरणीवर आपटून बघायची चाचणी जवळजवळ याच वेगाची असते, अमेरिकेतली दोन मीटर उंचीची. आता ते डोकं थांबायला अंतर किती मिळतं ते बघा. हेल्मेटच्या आतला थर दबला आणि दोन सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या 75 पट. उघडी कवटी डांबरावर दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबली, तर 500 ते 750 पट. दीड मीटर भागिले थांबायचं अंतर, बस. आठवीतलं पोरही हा भागाकार करेल. तुम्ही दिलेल्या टोपीच्या कापडाची जाडी अर्धा मिलिमीटर असेल.

म्हणून ‘वेग कमी असतो, रॅली तर मजेची असते’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. डोकं ज्या वेगाने खाली येतं तो सायकलच्या वेगावर फारसा अवलंबून नसतोच.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार त्या शब्दाबद्दलच. ‘ऐच्छिक’ लिहून तुम्हाला वाटतं की निर्णय तुम्ही लोकांवर सोडलात. पण विचार करा, तो निर्णय कोण घेतंय? सुपर कॉरिडॉरवर तीस सायकली एकमेकींना चिकटून जाणार, त्यांत गियरवाली मोठी माणसं आणि पहिल्यांदा रस्त्यावर आलेली पोरं एकत्र असणार, पहाटेचा अंधार असणार, हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं. कुंपणापाशी उभ्या असलेल्या आईला नसतं. ती तुमचा फॉर्म बघते आणि समजते, जाणत्या लोकांनी विचार करून लिहिलंय, म्हणजे गरज नसणार. मी स्वतः जाणती म्हणवते आणि मीही तसंच समजले. फॉर्म भरणारा माणूस त्या शब्दाचा अर्थ ‘तुम्ही ठरवा’ असा घेत नाही, ‘नसलं तरी चालतं’ असा घेतो. चौदा वर्षांचा मुलगा तर त्याहून पुढचा अर्थ घेतो : घातलं तर मी भित्रा दिसेन.

शिवाय त्याच फॉर्मच्या तळाशी, बारीक अक्षरात, ‘सहभागी स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे’ असं तुम्ही लिहून घेता. कागदोपत्री ते ठीक असेल. पण मार्ग तुमचा, वेळ तुमची, गर्दी तुम्ही जमवलेली, आणि डोकं फक्त त्याचं, ही वाटणी मला बरोबर वाटत नाही.

दुसरी तक्रार टोपीची. नोंदणीच्या पैशांतून टी-शर्ट आणि टोपी येते, आणि टोपी घालूनच फोटो काढायचा असा आग्रह असतो. गेल्या वर्षी एका मुलीला मी माझ्या डोळ्यांनी हेल्मेट काढून पिशवीत ठेवताना पाहिलं, कारण टोपी त्याच्याखाली बसत नव्हती. मंचावरचे पाहुणे झेंडा दाखवून पहिली शंभर पावलं उघड्या डोक्याने सायकल चालवतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच फोटो येतो, आणि यंदाच्या फॉर्मवरही तोच आहे. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. अट काहीही लिहा, लोक फोटो वाचतात.

तिसरी, पडल्यानंतरची. कार्यकर्त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं की डोक्याला मार लागलेल्या मुलाला परत सायकलवर बसवायचं नसतं. तेच तेच विचारणं, गोंधळणं, ओकारी, झोप येणं, वाढत जाणारी डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. रक्त दिसत नाही म्हणजे लागलं नाही, असं डोक्याच्या बाबतीत चालत नाही. त्या मुलाने त्याच अवस्थेत पायडल मारलं असतं आणि पुन्हा पडला असता, तर हे पत्र मी लिहू शकले नसते. यात त्या दोन मुलांचा दोष नाही. पाच मिनिटं शिकवणारं त्यांना कुणी भेटलं नाही.

चौथी, रांगेत चालवायचं शिकवलंच जात नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडवू नये, थांबताना हात दाखवावा, खड्डा दिसला की ओरडून सांगावं. एवढं निघण्याआधी माइकवरून सांगायला दोन मिनिटं लागतील. गेल्या वर्षी माइकवर वीस मिनिटं गाणी वाजली. हेल्मेट पडणं टाळत नाही असं मी वर म्हटलं ते यासाठीच. 2011 साली जिरो द’इटालिया या इटलीतल्या सायकल शर्यतीत उतारावर पडलेला बेल्जियमचा वाउटर वेलांट हेल्मेट घालूनही वाचला नाही. हेल्मेट हा शेवटचा उपाय आहे. पहिले उपाय तुम्ही घेत नाही आणि शेवटचाही ऐच्छिक ठेवता.

तुमच्या बाजूने जे बोललं जातं तेही मी टाळणार नाही. सगळ्यात वजनदार मुद्दा तुमच्या त्या गृहस्थांचाच : सक्तीने लोक येईनासे होतात. हा खोटा नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1 जुलै 1990 पासून जगात पहिल्यांदा सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट कायद्याने लावलं, आणि नंतरच्या मोजण्यांत किशोरवयीन मुलं सायकलवर कमी दिसू लागली. त्यावर आजही वाद चालू आहे. नेदरलँड्समध्ये हेल्मेटशिवाय अख्खा देश सायकलवर फिरतो, कारण तिथे सायकलचा रस्ताच वेगळा आहे. म्हणूनच रोजच्या सायकलवर, माझ्या वडिलांसारख्या माणसावर, दूधवाल्यावर, नंदलालपुऱ्याच्या मंडईत भाजी घेऊन येणाऱ्यावर असा कायदा यावा असं मी म्हणत नाही. कुणी मागणी केली तर मी विरोधात सही करेन. त्या माणसाला सायकल हाच एक आधार असतो. तो एकटा, आपल्या चालीने, ओळखीच्या रस्त्यावरून जातो. रॅली ही निराळी गोष्ट आहे. तिथे कुणी पोटासाठी येत नाही, आठवड्याआधी नाव नोंदवून, पैसे भरून येतो, आणि अनोळखी माणसांच्या चाकाला चाक लावून चालवतो. त्याच्या पडण्यात त्याची चूक असेलच असंही नाही. माझ्या मुलाच्या पुढे रील काढणारा कोण होता, आम्हाला आजही माहीत नाही.

आणि हा वाद तुमच्या-माझ्यात पहिल्यांदा होतोय असंही नाही. व्यावसायिक स्पर्धांमध्ये तो कैक वर्षं चालला. 1991 साली पॅरिस–नीस शर्यतीत हेल्मेटची सक्ती आली तेव्हा सायकलपटूंनी चक्क संप केला आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला माघार घ्यावी लागली. उकडतं, जड होतं, आमचं आम्ही बघू, हीच कारणं. 1995 साली टूर द फ्रान्समध्ये बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता फाबियो कासार्तेल्ली उतारावर पडून गेला, तरी नियम झाला नाही. मार्च 2003 मध्ये त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वारला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सक्ती केली. आज एकही व्यावसायिक उघड्या डोक्याने सुरुवातीच्या रेषेवर दिसत नाही, आणि संपाचं नावही कुणी काढत नाही. आपल्याकडच्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्येही, जिथे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, हेल्मेट, दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं असतं. ती माणसं कसलेली असतात. आमची पोरं कसलेली नाहीत, म्हणून त्यांना सूट?

उन्हाचं कारण मला डिसेंबर-जानेवारीत, पहाटे सहाला, नका सांगू. खर्चाचं कारण खरं आहे, आणि त्यावर उपाय मी मागण्यांत मांडते. पगडी किंवा पटका बांधणाऱ्या शीख मुलांचा प्रश्नही खरा आहे. मोटार वाहन कायद्याने पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट दिलीच आहे. तोच मान इथेही ठेवावा, त्यावर वाद घालायचं कारण नाही.

राहिली गोष्ट इंदूरची. याच जिल्ह्यात 1 ऑगस्ट 2025 पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असा हुकूम निघाला. पंपावर भांडणं झाली, लोकांनी एकमेकांची हेल्मेटं मागून पेट्रोल भरलं, तेही पाहिलं. दोन चौक ओलांडून जाणाऱ्या अ‍ॅक्टिवाला हेल्मेट हवं हे ज्या शहरात मान्य झालं, तिथे शेकडो पोरांना एका वेळी रस्त्यावर उतरवणाऱ्यांनी ते ऐच्छिक कसं ठेवावं? इंदूरकर शिस्त पाळत नाहीत असंही कुणी म्हणू नये. ओला-सुका कचरा वेगळा करायला आम्ही शिकलो, 2017 पासून स्वच्छतेत पहिले येतो. पण ते भाषणांनी झालं नाही. गाडी रोज दारात आली, डबे वेगळे मागितले, एकत्र दिला तर परत केला, तेव्हा झालं. हेल्मेटचंही तसंच करा. मागा, नसेल तर द्या, आणि तरीही नको असेल तर परत पाठवा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

1. जानेवारीच्या फॉर्ममधला ‘ऐच्छिक’ शब्द काढून ‘अनिवार्य’ हा शब्द परत आणा. सातव्या अटीत नको, सगळ्यात वर, तारखेच्या खाली. आणि तो झेंडा दाखवून शंभर पावलं चालवणाऱ्या पाहुण्यांनाही लागू असू दे, त्यांना तर आधी.

2. टोपी बंद करा. ते पैसे आणि प्रायोजकाचा थोडा हात मिळून शंभर तरी चांगली हेल्मेटं घ्या, लहान-मध्यम-मोठी. ज्याच्याकडे नाही त्याला अनामत घेऊन सकाळपुरतं द्या, परत आलं की पुसून ठेवा. प्रायोजकाचं नाव टोपीऐवजी हेल्मेटवर छापा, ते वर्षानुवर्षं दिसेल. रस्त्यावर मिळणारी, आत नुसता स्पंज असलेली हेल्मेटं मात्र नकोत. मोटारसायकलचं जड हेल्मेट घालून कुणी आलं तर त्यालाही सायकलचं बदलून द्या.

3. राजवाड्यावर निघण्याआधी तपासणीची एक रांग ठेवा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकं घट्ट. मागे सरकवून कपाळ उघडं टाकलेलं हेल्मेट घातल्यात जमा नाही. यासाठी माणसं कमी पडली तर माझ्या बारावीच्या वर्गातली वीस मुलं मी घेऊन येते, त्यांना हे पाठ आहे.

4. सोळा वर्षांखालच्या मुलांचा गट वेगळा, पंधरा मिनिटं नंतर सोडा, त्यांच्या पुढे एक आणि मागे एक जाणता सायकलस्वार द्या. चालवताना मोबाइल हातात दिसला तर बाजूला घ्या.

5. रुग्णवाहिका मंडपाशी नको, रॅलीच्या मागे चालती हवी. डोकं आपटलेला कुणीही, कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी, त्या दिवशी परत सायकलवर बसणार नाही, हा नियम कार्यकर्त्यांना लिहून द्या.

6. ज्यांना अट मान्य नाही त्यांचे पैसे परत करा, तक्रार न करता.

यातलं काही जमत नसेल तर का जमत नाही ते नोंदणी बंद व्हायच्या आत लेखी कळवा. फोनवर नको.

संख्येची काळजी मला कळते. तुम्ही प्रायोजकाला हजार आकडा सांगितलेला असतो, आठशे आले तर पुढच्या वर्षी अडचण होते. पहाटे चारला उठून राजवाड्यावर बॅरिकेड लावणारी माणसं तुम्हीच, हेही मी पाहिलं आहे. तुमच्यामुळे आमच्या कॉलनीतली सहा मुलं सायकलवर आली. ती कमी व्हावीत असं मला कसं वाटेल? पण तीन वर्षांपूर्वी अट होती तेव्हाही राजवाड्याचा चौक भरलेला होता, त्या गर्दीत मी उभी होते. आणि त्या वर्षी किती घरांत पहिलं हेल्मेट आलं, याची मोजदाद तुम्ही प्रायोजकाला दाखवली असती तर तो नाराज झाला नसता असं मला वाटतं.

शेजारच्या वहिनी माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. त्यांनी एका शब्दानेही मला दोष दिला नाही, आणि तेच मला जड जातं. परवा त्यांचा मुलगा कुंपणापाशी आला. डोक्यावर नवीन निळं हेल्मेट होतं, पट्टा लावलेला, सायकल कुठेच नव्हती. म्हणाला, ‘‘काकू, फॉर्म आलाय. भरू का?’’ मी त्याला म्हटलं, मी एक पत्र लिहितेय, त्याचं उत्तर आलं की सांगते. नोंदणीची शेवटची तारीख वीस आहे. दोघांचे फॉर्म माझ्या फोनवर अर्धे भरून ठेवलेले आहेत, नाव, वय, टी-शर्टचं माप. सातव्या अटीपुढची खूण तेवढी केलेली नाही.

आपली नम्र,
दोन मुलांच्या सोबत येणारी एक सहभागी
राजेंद्रनगर, इंदूर